विखुरलेल्या साहित्यापासून छापील पुस्तिकेपर्यंत : बोर्ड आणि एआय सहायक वापरून प्रकल्प कसा मांडावा

शाळेचे प्रदर्शन, मंडळाची स्मरणिका, एखादा लघुपट किंवा चित्रपुस्तिका असे काम चार-पाच जण मिळून करू लागले की साहित्य भराभर जमते आणि तितक्याच वेगाने विखुरते. छायाचित्रे एकाच्या फोनमध्ये असतात, मुलाखतीची ध्वनिफीत दुसऱ्याकडे असते, मजकूर डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर पडून असतो आणि 'हे पान काढून टाकायचे' हा निर्णय व्हॉट्सॲप गटात शेकडो संदेशांच्या खाली गेलेला असतो. हे सारे एका मोठ्या डिजिटल फळ्यावर, म्हणजे ज्याला आता सगळे बोर्ड म्हणतात त्यावर, डोळ्यांसमोर मांडता येते. आणि त्या मांडणीत एआय सहायकाची चांगली मदत होते. मात्र दोन्ही गोष्टी एकदम हाती घेणाऱ्या नवख्या माणसाचा बराच वेळ कोणते काम कोणाकडे सोपवायचे हे ठरवण्यातच जातो.

आमच्या गटाने सोलापुरी चादरीच्या विणकामावर शाळकरी मुलांसाठी एक चित्रपुस्तिका आणि तिच्या जोडीला शाळेत लावता येईल असे छोटे प्रदर्शन तयार केले. गटात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे होती, माहिती देणारे बहुतेक जण सोलापूरच्या पूर्व भागातील विणकर होते आणि पैसे मोजकेच होते. त्या कामात जी पद्धत टिकली ती येथे क्रमाने देत आहे. तिचा गाभा इतकाच आहे की प्रकल्पाची स्मृती बोर्डावर राहिली पाहिजे, सहायकाच्या संभाषणात नव्हे. आणि माणसांकडून मिळालेले काय व सहायकाने सुचवलेले काय, हे बोर्डाकडे पाहताक्षणी कळले पाहिजे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

• एक संगणक किंवा लॅपटॉप. फोनवर बोर्ड पाहता येतो, चिठ्ठी टाकता येते. पण मांडणी करायला मोठा पडदाच लागतो.
• प्रकल्पाच्या नावाने उघडलेला वेगळा ईमेल पत्ता, ज्याचा पासवर्ड गटातील किमान दोघांकडे आहे.
• युनिकोड मराठी टंकलेखनाची सोय. इनस्क्रिप्ट असो वा फोनवरचा उच्चारानुसारी कळफलक, जो सवयीचा आहे तो चालेल.
• मूळ छायाचित्रे व ध्वनिफिती ठेवण्यासाठी एक क्लाउड फोल्डर आणि त्याची प्रत ठेवण्यासाठी हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह.
• संमतिपत्राचा एक पानी नमुना, मराठीत आणि माहिती देणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत.
• छपाई करणाऱ्याकडून आकार, पानसंख्या, कागद आणि प्रती यांनुसार घेतलेले लेखी दरपत्रक.

शेवटची गोष्ट बहुतेक जण शेवटी करतात. ती आधी करावी, कारण मधोमध पिना मारून बांधलेल्या पुस्तिकेची पानसंख्या चारच्या पटीतच ठेवावी लागते. बावीस पानांचा सुंदर आराखडा तयार झाल्यावर हे कळले, तर दोन पाने वाढवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी सारी मांडणी मोडावी लागते.

१. बोर्ड उघडण्याआधी प्रकल्पपत्र लिहा

प्रकल्पपत्र म्हणजे अर्ध्या पानाचा मजकूर. काय करायचे आहे, कोणासाठी, कोणत्या भाषेत, किती पानांचे किंवा मिनिटांचे, कधीपर्यंत आणि कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत, एवढे त्यात असावे. आमच्या प्रकल्पपत्राची सुरुवात अशी होती : 'इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी सोलापुरी चादर कशी विणली जाते हे दाखवणारी २४ पानांची मराठी चित्रपुस्तिका. प्रत्येक पानावर एक चित्र किंवा छायाचित्र आणि जास्तीत जास्त ६० शब्द. कारखान्यांची जाहिरात नको. विणकराचे बोलणे शक्यतो त्याच्याच शब्दांत.'

हा मजकूर पुढे दोन ठिकाणी लागतो. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तो कायमचा चिकटवायचा आणि सहायकाशी प्रत्येक नवे संभाषण त्यानेच सुरू करायचे.

२. बोर्ड निवडा

मिरो, फिगजॅम, मिलानोट, एक्सकॅलिड्रॉ आणि ऑब्सिडियनमधील कॅनव्हास ही सहज मिळणारी साधने आहेत. मिरोच्या मोफत खात्यात बदल करता येतील असे तीनच बोर्ड मिळतात, मिलानोटच्या मोफत खात्यात टिपा, चित्रे आणि दुवे मिळून शंभरांची मर्यादा असते. या अटी कंपन्या बदलत असतात, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशी त्या स्वतः वाचाव्यात. छायाचित्रांचा भरणा असलेल्या कामात शंभरांची मर्यादा लवकर संपते. एक्सकॅलिड्रॉ मुक्त स्रोत आहे आणि झटपट आराखडा काढायला उत्तम आहे. ऑब्सिडियनच्या फाइली तुमच्याच संगणकावर राहतात, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या लेखकाला तो फार सोयीचा पडतो. गटाने एकाच वेळी काम करायचे असेल तर मिरो किंवा फिगजॅम बरा. या दोन्हींत चिठ्ठ्यांचे गट पाडणारा आणि सारांश काढणारा सहायक बोर्डातच मिळतो, पण मोफत खात्यात त्याचा वापर किती करता येईल हे पाहून घ्यावे.

निवड पक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. 'शृंखला', 'कुऱ्हाड', 'द्व्यर्थी', 'उत्कृष्ट' असे जोडाक्षरांचे शब्द चिठ्ठीवर लिहा, तो भाग पीडीएफ म्हणून बाहेर काढा आणि अक्षरे तुटली नाहीत ना ते बघा. पडद्यावर नीट दिसणारी देवनागरी पीडीएफमध्ये विस्कटलेली निघू शकते.

दुसरी गोष्ट, साधन बंदही पडते. गूगलचा जॅमबोर्ड अनेक शाळांत वापरात होता. तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. ज्या साधनातून तुमचे काम पूर्णपणे बाहेर काढता येत नाही, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये.

३. बोर्डाचे पाच भाग पाडा

कोऱ्या बोर्डावर जागा अमर्याद असते आणि नवखा माणूस तेथेच हरवतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाच मोठ्या चौकटी आखा आणि त्यांना मोठ्या अक्षरांत नावे द्या : साहित्य, प्रश्न, आराखडा, निर्णय आणि सहायकाचा कोपरा.

'साहित्य' या चौकटीत बाहेरून आलेले सारे येते. 'प्रश्न' मध्ये ज्याचे उत्तर अजून मिळालेले नाही ते. 'आराखडा' मध्ये पुस्तिकेची चोवीस पाने चोवीस छोट्या आयतांच्या रूपात, समोरासमोर येणारी पाने शेजारी शेजारी ठेवून. 'निर्णय' या चौकटीत प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, निर्णय आणि तो कोणी घेतला एवढेच. सहायकाने दिलेले काहीही, मग ते कितीही पटलेले असो, आधी सहायकाच्या कोपऱ्यातच उतरते.

रंगांचा नियमही त्याच दिवशी ठरवा. माणसाकडून किंवा छापील साधनातून आलेली आणि तपासलेली माहिती पिवळ्या चिठ्ठीवर, न तपासलेली पांढऱ्या आणि सहायकाची गुलाबी. रंग कोणतेही चालतील, पण तीनच असावेत आणि मधेच बदलू नयेत. गुलाबी चिठ्ठी पिवळी करायची तर ती तपासणाऱ्याने खाली स्वतःची आद्याक्षरे आणि आधार लिहावा. हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो. पण काही आठवड्यांनी एखादे वाक्य कोठून आले हे कोणालाच आठवत नाही, तेव्हा त्या रंगावाचून दुसरा पुरावा हाती नसतो. संपूर्ण लेखातील एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा.

४. साहित्य आणा, पण प्रत्येकाचे ओळखपत्र करूनच

नुसते छायाचित्र बोर्डावर ओढून टाकू नका. त्याच्या खाली एक छोटे ओळखपत्र हवे. आमच्या बोर्डावरचे एक जसेच्या तसे देतो :

'छायाचित्र १४. जकार्डच्या कार्डांची माळ, माग बंद असताना, खालून वर. ठिकाण : अक्कलकोट रस्त्यावरील कारखाना. परवानगी : मालकाची तोंडी; लेखी घ्यायची आहे. मूळ फाइल : फोल्डर २, नाव बदललेले नाही. वापर : पान ९, कदाचित मुखपृष्ठ.'

(जकार्ड म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणण्याची मागावरील यंत्रणा.) यातील 'लेखी घ्यायची आहे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. छपाईच्या आदल्या आठवड्यात बोर्डावर 'घ्यायची आहे' असे शोधले की राहिलेली सारी कामे एका झटक्यात समोर येतात. मूळ फाइल बोर्डावर नसून फोल्डरमध्ये आहे, हेही लक्षात ठेवा. बोर्ड चित्रांचा आकार कमी करू शकतो आणि व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र तर आधीच दाबलेले असते. छपाईसाठी प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, भरेल अशी मूळ प्रत लागते, म्हणून छायाचित्रे मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे सांगा.

जुना मजकूर मिळवताना टंकाची अडचण येते. जुन्या स्मरणिका आणि पत्रके श्रीलिपी किंवा तत्सम, युनिकोड नसलेल्या टंकांत जुळवलेली असतात. तो मजकूर बोर्डावर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावीच लागतात. सहायकाला 'हे दुरुस्त कर' असे सांगितले तर तो शब्द दुरुस्त करता करता वाक्येही बदलतो. म्हणून 'फक्त अक्षरे दुरुस्त कर, शब्द बदलू नकोस, शंका आली तेथे प्रश्नचिन्ह ठेव' असे स्पष्ट लिहावे आणि मूळ कागद शेजारी ठेवून वाचावे.

मुलाखतींच्या बाबतीत सोलापूरची स्वतःची अडचण आहे. येथील विणकर एका वाक्यात तेलुगू क्रियापद, मराठी नाम आणि यंत्राचे इंग्रजी नाव सहज वापरतो. ध्वनीवरून मजकूर करणारी साधने अशा बोलण्यात भाषा धरू शकत नाहीत; कांड्या भरण्याची गोष्ट कागदावर मांड्या भरण्याची होऊन येते आणि मधले तेलुगू वाक्य गळूनच जाते. त्यामुळे यंत्राने केलेला मसुदा हा फक्त कच्चा धागा समजा. ज्याला ती बोली घरची आहे अशा माणसाने ध्वनिफीत ऐकत तो दुरुस्त केल्यावरच चिठ्ठ्या पाडायला घ्या. आमच्या गटात हे काम ज्या ताईंनी केले, त्यांच्यामुळे पुस्तिकेतील सर्वांत चांगली चार वाक्ये वाचली.

५. सहायकाला नेमके काम द्या

चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांपैकी कोणताही सहायक घ्या. पद्धत तीच राहते. नव्या संभाषणात त्याला तुमच्या बोर्डाची काहीही कल्पना नसते आणि लांबलेल्या संभाषणात सुरुवातीच्या अटी तो सोडून देऊ लागतो. म्हणून प्रत्येक कामासाठी नवे संभाषण, सुरुवातीला प्रकल्पपत्र, मग त्या कामापुरतेच साहित्य आणि शेवटी एकच मागणी. 'चादरीवर काहीतरी छान लिही' या मागणीला जे उत्तर येते ते कोणत्याही गावच्या कोणत्याही वस्त्राला चिकटवता येते.

उपयोगी पडलेली एक मागणी अशी होती : 'खाली तीन विणकरांच्या मुलाखतींतील ४१ नोंदी आहेत, प्रत्येकीला क्रमांक आहे. त्यांचे पाच ते सात गट पाड. प्रत्येक गटाला नोंदींतील शब्द वापरूनच नाव दे. कोणत्याही नोंदीचा मजकूर बदलू नकोस. कोणत्याही गटात न बसणाऱ्या नोंदी वेगळ्या ठेव. शेवटी, या नोंदींवरून ज्या गोष्टी कळत नाहीत अशा पाच गोष्टी प्रश्नरूपात लिही.'

या मागणीतील क्रमांकांमुळे उत्तर तपासता येते, कारण एखादी नोंद गळली किंवा नवीच उपटली तर मोजताक्षणी समजते. शेवटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. सहायकाने विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी एक होता : 'नक्षी कोण ठरवतो, आणि ती कागदावरून मागावर कशी जाते, हे एकाही नोंदीत नाही.' आम्ही मागाशी उभे राहणाऱ्यांशीच बोललो होतो. ग्राफ कागदावर चौकटी भरून नक्षी उतरवणारा नक्षीकार आणि त्यावरून कार्डांना भोके पाडणारा कारागीर यांच्याकडे आम्ही गेलो ते या प्रश्नामुळे, आणि पुस्तिकेची मधली सहा पाने त्यांचीच झाली.

गट पाडणे, उणिवा दाखवणे, लांब मजकुराचा सारांश करणे, मुलाखतीसाठी प्रश्नावली काढणे, कामांचा क्रम लावणे आणि एकाच परिच्छेदाची लहान मुलांना कळेल अशी तीन रूपे करून दाखवणे ही कामे सहायक चांगली करतो. व्यक्तींची नावे, सनावळ्या, स्थानिक इतिहास, पारिभाषिक शब्द आणि 'लोक असे म्हणतात' या प्रकारची विधाने त्याच्याकडून घेऊ नयेत.

एक खबरदारी : माहिती देणाऱ्यांचे फोन क्रमांक, आधार क्रमांक, मजुरीचे आकडे आणि मुलांचे चेहरे असलेली छायाचित्रे सहायकाला देऊ नका. नोंदींत 'विणकर १', 'विणकर २' असे लिहून खरी नावे स्वतःकडील वहीत ठेवली की काम अडत नाही. तुमचे संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो बंद करा.

६. गुलाबी चिठ्ठी पिवळी होण्याआधी तपासा

सहायक चूक करतो तेव्हाही त्याचे मराठी डगमगत नाही, आणि हाच धोका आहे. गिरणगाव म्हणून सोलापूरची ओळख सांगणाऱ्या पानासाठी १९३० च्या लष्करी कायद्याबद्दल विचारले असता, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघा हुतात्म्यांना सोलापुरात फाशी देण्यात आले, असे वाक्य आमच्यासमोर आले. नावे बरोबर, ओघ चांगला, ठिकाण चूक. त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्यातील येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. सोलापूरकर वाचकाला हे खटकेल. पण बाहेरगावच्या मुलाच्या डोक्यात ते चुकीचेच बसेल. घटना सोलापूरची आहे, म्हणून शेवटही सोलापुरात झाला असेल, अशा जुळणाऱ्या शब्दांच्या बळावर ही वाक्ये तयार होतात, हे ध्यानात ठेवले की कोठे संशय घ्यायचा ते कळू लागते.

तपासणीसाठी नियम सोपा ठेवा. प्रत्येक सनावळी, नाव, ठिकाण आणि आकडा यांना किमान एक छापील किंवा सरकारी आधार हवा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरवरील विसावा खंड १८८४ चा आहे आणि तो आंतरजालावर वाचता येतो; हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना विषय सांगितला तर आणखी वाटा सापडतात. सहायकाने दिलेला दुवा उघडून पाहिल्याशिवाय आधार म्हणून लिहू नका, कारण असा दुवा कधी कधी अस्तित्वातच नसतो. 'तुला खात्री आहे का?' असे सहायकाला विचारणे ही तपासणी नव्हे. तो माफी मागून दुसरे तितकेच ठाम उत्तर देतो.

कामाच्या माहितीची तपासणी मात्र पुस्तकात होत नाही. ती मागापाशी होते. पानाचा मसुदा छापून न्या आणि विणकरासमोर वाचा.

७. यंत्राने काढलेल्या चित्रांबाबत विशेष काळजी घ्या

येथे थोडा अधिक थांबतो, कारण दृश्य प्रकल्पात सर्वाधिक नुकसान येथेच होते.

'सोलापुरी चादरीचे चित्र काढ' असे सांगितले की पडद्यावर काही क्षणांत रंगीबेरंगी, डोळ्यांत भरणारे वस्त्र येते. ते जवळून पाहा. मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग हळूहळू हिरव्यात आणि हिरवा सोनेरीत विरघळलेला असतो. जकार्ड मागावर असे होत नाही. तेथे नक्षी उभ्या ताण्याच्या आणि आडव्या बाण्याच्या मोजक्या रंगीत धाग्यांतून उमटते. कोणत्या क्षणी कोणते उभे धागे वर उचलायचे हे कार्डावरील भोके ठरवतात, आणि म्हणून मोराच्या मानेची कडा जवळून पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते. फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास पुढे आणलेले हेच तत्त्व आजही सोलापूरच्या मागांवर चालते. दुसरी खूण मागच्या बाजूला आहे. जकार्ड चादर उलटली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते : वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल. यंत्राने काढलेल्या चित्रात चादरीचा दुमडलेला कोपरा बहुधा कोरा असतो किंवा त्यावर वेगळीच नक्षी असते. म्हणजे ते चित्र छापील कापडाचे किंवा भरतकामाचे आहे, चादरीचे नाही.

असे चित्र 'सोलापुरी चादर' या शीर्षकाखाली मुलांच्या पुस्तिकेत छापले, तर ज्यांनी आयुष्य मागापाशी घालवले त्यांच्या कामाची खोटी ओळख आपण पुढच्या पिढीला करून देतो. म्हणून आमचा नियम असा होता की वस्तू, यंत्र, ठिकाण आणि माणूस यांचे चित्र नेहमी छायाचित्रावरून किंवा हाताने काढलेलेच घ्यायचे. सहायकाची चित्रे फक्त 'आराखडा' या चौकटीत, पानाची रचना ठरवण्यापुरती वापरायची : छायाचित्र डावीकडे की उजवीकडे, मजकुराला जागा किती, पार्श्वभूमी गडद की फिकट. त्या प्रत्येक चित्रावर आडवी लाल रेघ मारायची, म्हणजे घाईत ते छपाईच्या फाइलीत जाणार नाही.

चित्रांत उमटवलेल्या मराठी अक्षरांवर विसंबू नका. वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरे भलतीच होतात. चित्र कोरे घ्या आणि अक्षरे डीटीपीमध्ये स्वतंत्र बसवा.

हक्कांचेही येथेच पाहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो, तेव्हा जुन्या वृत्तपत्रातील प्रत्येक छायाचित्र मोकळे असते असे समजू नये. कारखान्याची एखादी नक्षी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदलेली असू शकते. मालकांना विचारून घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते नाव विक्रीच्या वस्तूवर वापरण्याचा अधिकार नोंदणीकृत वापरकर्त्यांना असतो. पुस्तिकेत चादरीबद्दल लिहिण्याला त्याची आडकाठी नाही, पण प्रदर्शनात ठेवण्यासाठी पिशव्या किंवा भेटवस्तू करून त्यांवर मानांकनाचे चिन्ह लावण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या.

८. बोर्डावर कोणाला किती अधिकार, हे ठरवा

बोर्डाचा दुवा पाठवताना 'दुवा असलेला कोणीही बदल करू शकतो' हा पर्याय निवडू नका. गटातील लोकांना बदल करण्याचा, सल्लागार शिक्षकांना टिप्पणी करण्याचा आणि इतरांना फक्त पाहण्याचा अधिकार द्या. आराखड्याची चौकट आठवड्यातून एकदा कुलूपबंद करा, कारण फोनवर बोर्ड पाहताना बोट लागून पाने सरकतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

जे कधी बोर्ड उघडणार नाहीत, त्यांचाही विचार करा. आमच्या पुस्तिकेतील ज्येष्ठ विणकरांना आम्ही बोर्ड दाखवला नाही. आराखडा ए-३ कागदावर छापून नेला, त्यांनी पेनाने खुणा केल्या आणि त्या कागदाचे छायाचित्र बोर्डावर पिवळ्या चौकटीत लावले. 'मामा, हे नाव असेच म्हणतात ना?' या एका प्रश्नाने यंत्राच्या भागांची तीन नावे दुरुस्त झाली. चर्चा व्हॉट्सॲपवर होणारच, ती थांबवू नका. मात्र दिवसाअखेर एकाने त्यातील निर्णय उचलून बोर्डावर नोंदवायचे, आणि जे तेथे नोंदले नाही ते ठरलेले नाही, असे सर्वांनी मान्य करावे.

९. तारखा छपाईपासून मागे मोजा

प्रदर्शनाची तारीख बोर्डाच्या उजव्या टोकाला लिहा आणि तेथून डावीकडे या : प्रती हाती येणे, छपाई, अंतिम प्रूफ, डीटीपी, मजकूर बंद, छायाचित्रे बंद. हा क्रम सहायकाकडून लावून घेता येतो, पण त्याला स्थानिक परिस्थिती ठाऊक नसते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात कोणाकडूनही वेळेवर काम मिळेल असे धरू नका. दिवाळीच्या आधी छपाईवाल्यांकडे गर्दी असते आणि परीक्षेच्या काळात शाळा मिळत नाही. या तारखा तुम्ही आधी द्या, मग क्रम मागा.

बोर्ड ही छपाईची फाइल नव्हे. बोर्डाची पीडीएफ थेट छापायला देऊ नका. आराखडा पक्का झाला की डीटीपी करणाऱ्याला बोर्डाचा छापील नकाशा, तपासलेला युनिकोड मजकूर आणि मूळ छायाचित्रे वेगवेगळी द्या. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, आणि चारही बाजूंना कापणीसाठी तीन मिलिमीटर जादा जागा सोडून फाइल करायला सांगा. अंतिम प्रूफ पडद्यावर न वाचता कागदावर वाचा, आणि ज्याने मजकूर लिहिला त्याच्याखेरीज दुसऱ्याने वाचा.

१०. काम संपल्यावर बोर्ड मिटवू नका

पुस्तिका छापून आल्यावर बोर्ड पूर्णपणे बाहेर काढा : पीडीएफ, चित्रप्रत आणि साधनाची स्वतःची फाइल असेल तर तीही. संमतिपत्रे स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. सहायकाच्या ज्या मागण्या चांगल्या चालल्या, त्या साध्या मजकूर-फाइलीत उतरवून घ्या. न वापरलेले साहित्य 'शिल्लक' नावाच्या चौकटीत हलवा आणि कशासाठी वगळले ते एका ओळीत लिहा. चादरीच्या कामात टॉवेलच्या मागांवरील बरेच साहित्य असेच शिल्लक राहिले आहे आणि पुढचा गट त्यावर काम करू शकेल. ज्यांनी माहिती दिली त्यांना पुस्तिकेची प्रत हातात नेऊन द्या, आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती दुसऱ्या आवृत्तीसाठी बोर्डावर त्याच दिवशी नोंदवा. शेवटी ईमेल खात्याचा पासवर्ड बदलून तो पुढे जबाबदारी घेणाऱ्या दोघांकडे सोपवा आणि गट सोडून गेलेल्यांचे बोर्डावरील अधिकार काढून घ्या.